प्रकाशित मानकांतील जुने दुवे : दुरुस्तीच्या नोंदी

2 सप्टेंबर 2024

आजपासून काम हाती घेतले. भारतीय भाषांतील मजकूर वेबवर कसा मांडावा याविषयी आमच्या गटाने 2000 सालापासून जी तांत्रिक मानके प्रसिद्ध केली, त्यांच्या मजकुरातील आणि संदर्भसूचीतील दुवे तपासून जुने झालेले दुवे बदलायचे, एवढाच या कामाचा आवाका आहे. मानकांतील एकही शब्द बदलायचा नाही, असे बैठकीत ठरले. हे बंधन कितपत पाळता येईल याविषयी मला पहिल्या दिवसापासून शंका आहे, कारण मानकातला दुवा मजकुराच्या बाहेर नसतो. ‘अमुक गोष्ट त्या दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे करावी’ असे वाक्य असते, तेव्हा त्या वाक्याचा निम्मा अर्थ दुव्याच्या पलीकडे असतो.

मोठ्या संस्था हा प्रश्न कसा हाताळतात ते आधी पाहून घेतले. इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या आरएफसी दस्तऐवजांची मालिका एप्रिल 1969 मध्ये सुरू झाली आणि प्रसिद्ध झालेल्या आरएफसीच्या मजकुराला पुन्हा हात लावायचा नाही, यावर तिची सारी विश्वासार्हता उभी आहे. चूक आढळली तर ती वेगळ्या शुद्धिपत्रात नोंदवतात, आणि तिथेही प्रकाशनाच्या दिवशी असलेलीच चूक अपेक्षित असते. त्या दिवशी उघडणारा आणि दहा वर्षांनी बंद पडलेला दुवा त्या अर्थाने चूक ठरत नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची, म्हणजे डब्ल्यू3सीची, रीत निराळी आहे. तिच्या कार्यपद्धतीत बदलांचे वर्ग पाडले आहेत आणि पहिल्याच वर्गात, म्हणजे मजकूर न बदलणाऱ्या दुरुस्त्यांत, तुटलेल्या दुव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आमची मानके वेबपानांच्या रूपातच प्रसिद्ध होत असल्याने आम्ही ही दुसरी रीत स्वीकारली. मात्र प्रत्येक मानकाची मूळ प्रत तिच्या तारखेच्या पत्त्यावर जशीच्या तशी ठेवायची आणि प्रत्येक बदललेल्या दुव्याची जुनी-नवी नोंद सार्वजनिक ठेवायची, ही अट मी आग्रहाने घालून घेतली.

5 सप्टेंबर

सर्व दुवे वेगळे काढून प्रत्येकाला विनंती पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या फेरीत इतके दुवे मृत निघाले की यादीवर विश्वास बसेना, आणि तो न बसणेच योग्य होते. स्क्रिप्ट पूर्ण पान न मागता फक्त शीर्षमाहिती मागत होती. काही सर्व्हर अशी विनंती नाकारतात, पण तेच पान ब्राउझरमधून मागितले तर निमूटपणे देतात. सर्व्हर उत्तरासोबत संकेतांक पाठवतो. त्यातील 403 चा (‘परवानगी नाही’) अर्थ बऱ्याचदा ‘यंत्राला देणार नाही’ इतकाच असतो, आणि 429 (‘फार विनंत्या’) आला तर दोष आपल्या घाईचा असतो. दोन विनंत्यांमधील अंतर वाढवले, पूर्ण पान मागायला सुरुवात केली, आणि यादी बरीच आटोपशीर झाली.

खरी अडचण उलट बाजूची आहे. 404, म्हणजे ‘पान सापडले नाही’, निदान प्रामाणिक असतो. 200, म्हणजे ‘ठीक आहे’, आला म्हणजे त्या पत्त्यावर काहीतरी आहे एवढेच कळते. जे आहे ते लेखकाला अभिप्रेत होते का, हे स्क्रिप्टला कळू शकत नाही. म्हणून असे ठरवले की स्क्रिप्ट फक्त क्रम लावून देईल आणि प्रत्येक दुवा कोणीतरी स्वतः उघडून, तो ज्या वाक्यात आहे ते वाक्य वाचून, मगच निर्णय घेईल. काम चौपट वाढले आहे, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

11 सप्टेंबर

एका सहकाऱ्याने सुचवले की निदान ‘एचटीटीपी’ने सुरू होणारे सगळे पत्ते एका झटक्यात ‘एचटीटीपीएस’ करून टाकावेत. सूचना वरवर निरुपद्रवी वाटली, म्हणून चाचणीच्या प्रतीवर ती करून पाहिली, आणि आमच्या मानकांतील एक्सएचटीएमएल (वेबपानांची भाषा) आणि एसव्हीजी (चित्रांची भाषा) यांची उदाहरणे जागच्या जागी मोडली.

कारण सांगायला हवे, म्हणजे पुढे कोणी हाच प्रयोग पुन्हा करणार नाही. या दोन्ही भाषा एक्सएमएल या खुणांच्या पद्धतीवर बेतलेल्या आहेत, आणि तिच्यात नेमस्पेसचे, म्हणजे कोणती खूण कोणत्या भाषेची हे सांगणाऱ्या गटाचे, नाव वेबपत्त्याच्या रूपात लिहितात. एक्सएचटीएमएलच्या नेमस्पेसमध्ये डब्ल्यू3सीचा पत्ता, 1999 हे वर्ष आणि भाषेचे नाव असते, आणि त्याची सुरुवात साध्या ‘एचटीटीपी’ने होते. तो पत्ता दिसतो दुव्यासारखा, पण काम करतो नावाचे. जानेवारी 1999 च्या नेमस्पेस मानकाप्रमाणे दोन नावे अक्षर न् अक्षर जुळली तरच एक मानली जातात. मध्ये एक ‘एस’ घातला की ते वेगळेच नाव होते, आणि ब्राउझरच्या दृष्टीने त्या खुणा एक्सएचटीएमएलच्या उरतच नाहीत. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हा शेतावर जाण्याचा रस्ता नसतो. रस्ता बदलला म्हणून कोणी गट क्रमांक खोडत नाही.

नाव आणि पत्ता यांचा हा घोटाळा उलट्या दिशेनेही होतो. 2008 मध्ये डब्ल्यू3सीने जाहीर केले होते की त्यांच्या सर्व्हरवर डीटीडी फाइलींसाठी, म्हणजे अशा भाषेचे नियम सांगणाऱ्या फाइलींसाठी, दिवसाला 13 कोटींपर्यंत विनंत्या येत आहेत. फाइलीची प्रत एकदा जवळ ठेवून भागले असते, तिथे असंख्य प्रोग्राम ओळख म्हणून लिहिलेला पत्ता दर वेळी नव्याने उघडत होते.

बदल मागे घेतला. नेमस्पेस, डीटीडीचे पत्ते आणि डिजिटल स्वाक्षरीच्या अल्गोरिदमांची ओळख सांगणारे पत्ते यांची वेगळी यादी केली असून त्यांना स्क्रिप्टने हातही लावायचा नाही.

18 सप्टेंबर

काल विसर्जनामुळे काम बंद होते. आज आरएफसींचे दुवे घेतले.

वेगवेगळ्या काळातील लेखकांनी एकाच दस्तऐवजाला चार-पाच प्रकारचे पत्ते दिले आहेत. सर्वांत जुने पत्ते एफटीपीचे, म्हणजे फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचे, आहेत आणि ते कॅलिफोर्नियातील ज्या माहितीविज्ञान संस्थेत आरएफसींचे संपादन 2009 अखेरपर्यंत चालत असे, तिथे जातात. फायरफॉक्सने जुलै 2021 मध्ये आणि क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफटीपी काढून टाकल्यापासून फाइल जागेवर असो वा नसो, सामान्य वाचकाला असा दुवा उघडताच येत नाही. त्यानंतरचे पत्ते आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटची मानके तयार करणाऱ्या संघटनेच्या, साधनांच्या संकेतस्थळावरचे आहेत. ते आता तिच्याच डेटाट्रॅकर या संकेतस्थळाकडे वळवले जातात आणि आज तरी व्यवस्थित पोहोचतात.

सगळे दुवे आरएफसी संपादकांच्या संकेतस्थळावरील माहितीपानाकडे न्यायचे ठरवले. मजकुराच्या फाइलीऐवजी माहितीपान निवडण्याला कारण आहे. त्या पानावर दस्तऐवज कोणत्या नव्या आरएफसीने रद्द केला, त्यावर शुद्धिपत्रे आहेत का, हे सर्वांत आधी दिसते. 1999 चा एचटीटीपीचा आरएफसी 2616 वाचायला आलेल्या माणसाला तो 2014 मध्ये आणि त्याची जागा घेणारेही पुन्हा 2022 मध्ये बदलले गेले, हे कळणे आवश्यक आहे, आणि आम्ही आमच्या मजकुरात शब्द न घालता ते त्याला कळते.

हा भाग एका दिवसात संपला. क्रमांकाने ओळखले जाणारे दस्तऐवज दुरुस्त करणे किती सोपे असते, हे यातून दिसले.

24 सप्टेंबर

आजचा दिवस एकाच दुव्यात गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

आमच्या 2000 सालच्या मानकात लिहिले आहे की मजकुराची भाषा आरएफसी 1766 प्रमाणे सांगावी. मार्च 1995 चा हा दस्तऐवज जानेवारी 2001 मध्ये आरएफसी 3066 ने, तो सप्टेंबर 2006 मध्ये आरएफसी 4646 ने आणि तोही सप्टेंबर 2009 मध्ये आरएफसी 5646 ने रद्द केला. 3066 पासून या साखळीला बीसीपी 47 असे एक स्थिर नाव मिळाले. क्रमांक बदलला तरी ते नाव नेहमी ताज्या दस्तऐवजाकडे नेते. गटातील दोघांचे म्हणणे असे होते की दुवा सरळ बीसीपी 47 कडे न्यावा, कारण वाचकाला शेवटी उपयोग त्याचाच होणार आहे.

मराठीपुरते पाहिले तर या चारही दस्तऐवजांत काही फरक पडत नाही. मराठीचा ‘एम-आर’ हा दोन अक्षरी संकेत तेव्हाही चालत होता आणि आजही चालतो. पण आमचे मानक कोकणीसाठीही आहे, आणि तिथे गोष्ट वेगळी आहे. आरएफसी 1766 मध्ये भाषांच्या संकेतांचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ 639 चे दोन अक्षरी संकेतच घेता येत होते, आणि कोकणीला दोन अक्षरी संकेत कधीच मिळालेला नाही. तिचा ‘के-ओ-के’ हा तीन अक्षरी संकेत वापरण्याची मुभा 3066 ने दिली. म्हणजे गोव्यातल्या एखाद्याने 2000 साली आमचे मानक काटेकोर पाळले असते, तर कोकणी पानावर भाषेची योग्य खूण त्याला लावताच आली नसती. ‘एक्स’ने सुरू होणारी खासगी खूण लावून भागवावे लागले असते. दुवा बीसीपी 47 कडे वळवला की तेच पान, त्याच वाक्याखाली, तीन अक्षरी खुणेसह नियमात बसते. वाक्यातला एक शब्दही न बदलता नियम बदलतो.

तो नियम बदलावा असे मलाही मनापासून वाटते. कोकणीच्या वाट्याला आलेली ती उणीव खरी होती. पण दुवे दुरुस्त करण्याच्या निमित्ताने नियम बदलणे हे वाचकाला अंधारात ठेवण्यासारखे आहे, कारण ज्याने 2000 साली या मानकाप्रमाणे सॉफ्टवेअर तपासून घेतले, त्याला आपण कोणत्या कसोटीवर उतरलो हे कळण्याचा हक्क आहे. एक्सएमएलच्या मानकात हाच बदल कसा झाला ते पाहिले. फेब्रुवारी 1998 च्या पहिल्या आवृत्तीत आरएफसी 1766 आहे आणि नोव्हेंबर 2008 च्या पाचव्या आवृत्तीत बीसीपी 47. म्हणजे बदल झाला तो नव्या आवृत्तीच्या रूपात, तारखेसह आणि उघडपणे.

आयएसओच्या लेखननियमांत तारखेसह संदर्भ आणि बिनतारखेचा संदर्भ असा भेद केलेला आहे. तारीख असेल तर तीच आवृत्ती लागू. नसेल तर सर्वांत ताजी. आमच्या वाक्यात क्रमांक आहे, आणि आरएफसीचा क्रमांक म्हणजे तारीखच. म्हणून दुवा 1766 च्या माहितीपानाकडेच ठेवला आणि बीसीपी 47 चा प्रस्ताव नव्या आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे मांडला. यावर दोन तास चर्चा झाली; शेवटी एकमत झाले.

1 ऑक्टोबर

यूनिकोडचे, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे, दुवे. इथे एकही दुवा मृत नव्हता, तरी सर्वांत घातक चूक इथेच सापडली.

आमच्या एका मानकात मराठीतील अर्ध्या ‘र’च्या दोन रूपांविषयी, म्हणजे ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ या दोन शब्दांत जो फरक दिसतो त्याविषयी, यूनिकोड मानकाचे 9 वे प्रकरण पाहावे असे म्हटले आहे. मजकुरातील दुवा यूनिकोडच्या ताज्या आवृत्तीकडे जातो. जून 2014 मध्ये आलेल्या 7.0 आवृत्तीत प्रकरणांची फेररचना झाली आणि देवनागरी 12 व्या प्रकरणात गेली. आमच्या सांगण्याप्रमाणे 9 वे प्रकरण उघडणाऱ्या वाचकाला गेली दहा वर्षे तिथे हिब्रू आणि अरबी लिपी भेटत आहेत. गेल्याच महिन्यात, 10 सप्टेंबरला, 16.0 आवृत्ती आली आणि तिचा मुख्य ग्रंथ प्रकरणवार फाइलींऐवजी वेबपानांच्या रूपात आला. म्हणजे जुन्या सवयीने फाइल शोधणाऱ्याची आणखी पंचाईत.

संदर्भसूचीत लेखकांनी आवृत्ती 4.0, वर्ष 2003 असे नोंदवून ठेवले होते, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. यूनिकोड जुन्या आवृत्त्या स्वतंत्र पत्त्यांवर जपून ठेवते, म्हणून दुवा थेट 4.0 च्या 9 व्या प्रकरणाकडे नेला. आता वाक्य आणि दुवा पुन्हा एकच गोष्ट सांगतात. ‘ऱ्य’ नीट उमटावा म्हणून धडपडणाऱ्या एखाद्या फॉन्टकाराने या चुकीच्या दुव्यापायी अर्धा दिवस घालवला असेल का, हा विचार मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही.

10 ऑक्टोबर

जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारे इंटरनेट अर्काइव्ह उघडत नाही. तिथल्या सर्व्हरवर हल्ला झाल्याचे आणि सदस्यांची माहिती चोरीला गेल्याचे समजले.

ज्या मृत दुव्यांना मूळ पानाचा नवा पत्ता सापडला नाही, त्यांच्या जागी मी तिथल्या वेबॅक मशीन या संग्रहातील प्रतीचा पत्ता घातला होता. ते सगळे दुवे आज मृत आहेत, आणि मूळ पत्ता मी मजकुरातून काढून टाकल्यामुळे वाचकाजवळ हातात धरायला काहीच उरलेले नाही. हा निर्णय माझाच होता आणि तो चुकीचा होता. सुदैवाने हे सारे अजून चाचणीच्या प्रतीतच आहे.

14 ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज पाहिले तर वेबॅक मशीन परत आले आहे, पण सध्या वाचनापुरतेच. नवे पान साठवून ठेवण्याची सोय बंद आहे.

नियम बदलला. यापुढे मूळ पत्ता नेहमी राहील, मग तो उघडो वा न उघडो. संग्रहातील प्रत त्याच्या शेजारी दुय्यम दुवा म्हणून येईल, तीही प्रत कोणत्या तारखेची आहे हे लिहून. मूळ पत्ता आणि तारीख हाताशी असली की एक संग्रह बंद पडला तरी दुसऱ्यात शोध घेता येतो. डिसेंबर 2013 च्या आरएफसी 7089 मध्ये मेमेन्टो नावाची जी पद्धत सांगितली आहे, ती नेमकी याच दोन गोष्टींवर चालते. शिवाय प्रत्येक संदर्भात शीर्षक, प्रकाशक संस्था, क्रमांक आणि दिनांक असलेच पाहिजेत. जिथे नव्हते तिथे ते शोधून संदर्भसूचीत भरले. यामुळे ‘एकही शब्द बदलायचा नाही’ हा ठराव संदर्भसूचीपुरता शिथिल करावा लागला. बैठकीत तशी परवानगी रीतसर घेतली.

22 ऑक्टोबर

दुव्यातील ‘हॅश’ चिन्हानंतरचा भाग, म्हणजे पानातील नेमक्या परिच्छेदाची खूण, ब्राउझर सर्व्हरला कधी पाठवतच नाही. तो पान मिळाल्यावर स्वतःच ती खूण शोधतो, आणि सापडली नाही तर काही न बोलता पानाच्या सुरुवातीला थांबतो. त्यामुळे दुवा तपासणाऱ्या साध्या स्क्रिप्टला हा दोष दिसणे शक्य नाही. पान उतरवून त्यातील सर्व खुणा काढायच्या आणि आपली खूण त्यांत आहे का ते पाहायचे, अशी भर स्क्रिप्टमध्ये घातली.

अपेक्षेप्रमाणे सर्वाधिक पडझड एचटीएमएलच्या दुव्यांत निघाली. डब्ल्यू3सीचे एचटीएमएल5 हे मानक ऑक्टोबर 2014 चे. मे 2019 मध्ये डब्ल्यू3सी आणि ब्राउझर बनवणाऱ्यांचा व्हॉटडब्ल्यूजी हा गट यांच्यात करार झाला आणि एचटीएमएलचे एकच, सतत बदलते मानक व्हॉटडब्ल्यूजीकडे राहिले. जुने बिनतारखेचे दुवे आता तिकडे वळतात, पण दोन ग्रंथांतील परिच्छेदांच्या खुणा सगळीकडे जुळत नाहीत. ‘लँग’ (भाषा) आणि ‘डीआयआर’ (लेखनाची दिशा) या गुणधर्मांविषयीचे आमचे बंधनकारक संदर्भ मी डब्ल्यू3सीच्या 2014 च्या तारीखवार प्रतीकडे नेले. निव्वळ माहितीसाठी दिलेले संदर्भ सध्याच्या मानकाकडे. प्रत्येक खूण हाताने जुळवावी लागली. हे काम कंटाळवाणे आहे, पण डोळे मिटून करता येणारे नाही.

28 ऑक्टोबर

एका उदाहरणात लेखकाने सहज सुचलेले डोमेन वापरले होते. आज तिथे जुगाराचे संकेतस्थळ आहे, आणि आमच्या स्क्रिप्टच्या दृष्टीने दुवा ठणठणीत, 200. उदाहरणांसाठी राखीव डोमेने जून 1999 च्या आरएफसी 2606 ने दिलेली आहेत. ती कोणालाही विकली जात नाहीत. या एका ठिकाणी पत्ता दिसणाऱ्या मजकुरातही बदलला आणि तसे नोंदवले. वाचकाला तिकडे पाठवणे मला एक दिवसही सहन होण्यासारखे नव्हते.

दिवाळीनिमित्त काम पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवत आहे.

6 नोव्हेंबर

दोन अवघड संदर्भ उरले होते, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी होते.

पहिला इस्कीचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतमानकाचा. लेखकाने फक्त ‘आयएस 13194 : 1991, भारतीय मानक ब्यूरो’ असे लिहिले होते, दुवा दिलाच नव्हता. पुण्यातल्या एका ग्रंथालयात विचारले आणि छापील पुस्तिका त्याच दुपारी हातात आली. इन्स्क्रिप्ट कळफलकाची आकृतीही तिच्यात जिथे असायला हवी तिथेच होती. दुसरा संदर्भ एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरील अहवालाचा. त्यात फक्त पत्ता होता. शीर्षक नाही, वर्ष नाही, लेखक नाही. कार्यालयाचे नाव बदलले, नावाबरोबर डोमेन बदलले, आणि नव्या संकेतस्थळावर जुने काही आणलेलेच नाही. संग्रहांतही प्रत नाही. ईमेल पाठवले आहे.

पहिला संदर्भ तेहेतीस वर्षांचा आणि दुसरा त्याच्या निम्म्या वयाचाही नाही.

15 नोव्हेंबर

परीक्षणाची बैठक झाली. बदलांची संपूर्ण नोंद मानकाच्या पानातच असावी की स्वतंत्र पानावर, एवढाच वादाचा मुद्दा होता. पानातच ठेवली तर मानक वाचणाऱ्याला अडथळा होतो. बाहेर ठेवली तर काही वर्षांनी तिचाच दुवा तुटण्याची भीती. शेवटी मानकाच्या शेवटी घडी करून ठेवता येईल असे परिशिष्ट जोडायचे ठरले, म्हणजे नोंद आणि मानक एकाच फाइलीत राहतील आणि वेगळे होणार नाहीत.

22 नोव्हेंबर

दुरुस्त दुव्यांसह सर्व मानके आज प्रसिद्ध झाली. मूळ प्रती त्यांच्या तारखांच्या पत्त्यांवर तशाच आहेत. फाइलींची बेरीज-तपासणी करून त्या बदललेल्या नाहीत याची खात्री केली. स्क्रिप्ट यापुढे दर महिन्याला चालेल आणि तिची यादी दोन जण वाचतील.

बीसीपी 47 चा प्रस्ताव डिसेंबरच्या बैठकीत येईल. कोकणीचे उदाहरण मी त्यात सविस्तर लिहिले आहे. त्या कार्यालयाकडून अजून उत्तर नाही. अहवालाचा पत्ता मजकूर म्हणून तसाच ठेवला आहे, त्यावरचा दुवा काढला आहे, आणि शेजारी ‘22 नोव्हेंबर 2024 रोजी उपलब्ध नव्हता’ असे लिहिले आहे. सोमवारी फोन करून पाहीन.